कूपन, कार्ड आणि डब्यातली भाकरी

गेल्या रविवारी आईला भेटायला बाजारकुणंगला गेले होते. चहाचा कप हातात घेतला न घेतला तोच शेजारच्या वहिनी मोबाइल घेऊन पडवीत हजर! त्यांच्या दिराच्या मुलाला बेंगळूरला नोकरी लागली आहे. येत्या सुट्टीत सगळ्या घराला थीम पार्क दाखवायचा असे त्याने ठरवले आहे. तिकिटाचे पान उघडले की पुढे प्रश्नांची रांग येते. जेवणासह तिकीट हवे का? आत खर्चायला कार्डात पैसे भरणार का? सवलतीचे कार्ड घेणार का? वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता. आता सांगा, काय घेऊ? जेवणाचे पैसे आधीच भरले की बरे, असे आमच्याकडे सगळे म्हणतात."

आई आतून म्हणाली, "भूक लागायच्या आधीच पैसे? आगाऊपणाच म्हणायचा!"

आम्ही हसलो. पण आईच्या बोलण्यात अर्थ होता. आपल्या मराठीत आधी दिलेल्या पैशाला 'आगाऊ' म्हणतात आणि नको तिथे पुढे पुढे करणाऱ्यालाही 'आगाऊ' म्हणतात. कन्नडातला 'मुंगड' शब्द बिचारा साधा आहे, त्याला हा दुसरा अर्थ नाही. वहिनींना तेव्हा थोडक्यात काहीतरी सांगितले खरे, पण सुट्ट्यांचे दिवस आहेत, हा प्रश्न अनेक घरांत असणार. म्हणून या वेळी या सदरात तोच विषय घेतला आहे.

नावातच बाजार असला तरी मोठ्या खरेदीला आम्हाला जोयडा नाहीतर दांडेली गाठावी लागते. त्यामुळे आमच्या लहानपणी करमणूक म्हणजे जत्रा. १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, तेव्हा त्याच्या जाहिराती पाहूनच आम्ही समाधान मानले. पुढे २००० मध्ये कोचीला वीगालँड आले. त्याच मंडळींनी २००५ मध्ये बेंगळूर-म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ वंडरला काढले आणि आपल्या कर्नाटकातल्या शाळांच्या सहलींचा रस्ताच बदलला. बेलूर, हळेबीड आणि म्हैसूरच्या राजवाड्याबरोबर वंडरलाचे नाव सहलीच्या पत्रकात येऊ लागले. २०१३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. मग पुण्या-मुंबईचे नातेवाईक आपल्या मुलांना तिकडे बोलावू लागले. आज सीमाभागातल्या मुलाला विचारा, यांतले एक तरी नाव त्याला तोंडपाठ असते.

जत्रेत आणि पार्कात एक मोठा फरक आहे आणि आपला सगळा हिशेब त्या फरकावर उभा आहे. जत्रेत भजी महाग वाटली तर चार पावले पुढे दुसरी कढई असते. पार्कात एकदा फाटकाच्या आत गेलात की दुकानदार एकच. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही आणि बाहेर येऊन जेवून परत जाणे बहुतेक ठिकाणी जमत नाही. अर्थशास्त्रात अशा गिऱ्हाइकाला 'बांधलेले गिऱ्हाईक' म्हणतात. त्याला भाव करता येत नाही. म्हणून तो आधीच काहीतरी सवलत शोधतो आणि त्याची ती धडपड ओळखूनच या योजना आखलेल्या असतात. यात कुणाची फसवणूक असते असे मी म्हणत नाही. योजना उघड असते, अटी लिहिलेल्या असतात. पण ती कोणाच्या सोयीची आहे, हे आपले आपण पाहायचे असते.

या योजना साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिली, तिकिटाबरोबर जेवणाचे कूपन. माणशी ठराविक पैसे भरायचे; त्यात दुपारचे जेवण आणि कधी संध्याकाळचा चहा-नाश्ता मिळतो. दुसरे, पैसे भरलेले कार्ड किंवा हातातला पट्टा. त्यात आधी रक्कम टाकायची आणि आत खर्च करायचा. तिसरे, सवलतीचे कार्ड. ते विकत घ्यायचे आणि मग आतल्या प्रत्येक बिलावर काही टक्के सूट मिळवायची. काही बँकांच्या कार्डांवरची सूट आणि वर्षभराच्या पासावर मिळणारी सूट हीही याच जातीची.

आता हिशेब करू. पुढचे आकडे कुठल्या एका पार्काचे नाहीत, समजण्यासाठी मी धरलेले आहेत. तुम्ही आपल्या पार्काचे खरे आकडे घालून हेच गणित मांडा. घर पाच माणसांचे धरू: नवरा-बायको, आजी, पंधरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. जेवण, संध्याकाळचा नाश्ता आणि एक थंड पेय मिळून मोठ्यांचे कूपन ६०० रुपये, लहानांचे ४५० रुपये. चार मोठे म्हणजे २४००, त्यात मुलीचे ४५०. एकूण २८५० रुपये.

कूपन न घेता हेच कुटुंब आत काय खाईल? नवरा-बायकोच्या दोन थाळ्या २५० प्रमाणे ५००. मुलाची बिर्याणी ३००. मुलीचा मसाला दोसा १५०. आजीचा दहीभात १२०. संध्याकाळी चार चहा-कॉफी ४० प्रमाणे १६०. तिघांना आइस्क्रीम ८० प्रमाणे २४०. बेरीज १४७० रुपये. म्हणजे कूपनापेक्षा १३८० रुपये कमी. तुम्ही म्हणाल, कूपनात हवे तितके खाता येते. खरे आहे. पण हवे तितके खाऊन झुल्यावर बसायचे कुणी?

आता सवलतीचे कार्ड. समजा कार्डाची किंमत ३०० रुपये आणि सूट १५ टक्के. १४७० वर १५ टक्के म्हणजे साधारण २२० रुपये वाचले. पण कार्डाला ३०० दिले, म्हणजे ८० रुपये घरचे गेले. हे कार्ड नुसते वसूल व्हायला आत २००० रुपयांचे खावे लागेल. यासाठी सोपे सूत्र आहे. कार्डाच्या किमतीला शंभराने गुणा आणि सुटीच्या टक्क्यांनी भागा. जो आकडा येईल तितका खर्च तुम्ही एरवीही करणारच असाल तरच कार्ड घ्या. 'कार्ड आहे म्हणून' करणार असाल तर घेऊ नका. माझ्या वर्गातल्या मुलांना हे गणित फळ्यावर लगेच जमते. दुकानात मात्र माझेच कधी कधी चुकते.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १९७१ पासून वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. माझा एक चुलतभाऊ तिकडे असतो. मागे तो मुलांना घेऊन जाणार होता, तेव्हा त्याने मला हाच प्रश्न टाकला. तिथेही जेवणाची आगाऊ योजना आहे. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ती घेता येते. पण एका खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी ती घ्यावी लागते. एकाने घेतली आणि दुसऱ्याने नाही, असे चालत नाही. दहा वर्षांचे मूल मोठ्यांच्या दरात मोजले जाते. आणि न वापरलेली जेवणे मुक्काम संपण्याच्या दिवशी रात्री बाराला बाद होतात. कोरोनाच्या काळात २०२० मध्ये ही योजना थांबली होती, ती जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथे सवलतीचे कार्डही होते. वार्षिक फी भरली की टेबलावर बसून जेवायच्या बऱ्याच हॉटेलांत २० टक्के सूट. ते कार्ड २०२१ मध्ये कायमचे बंद झाले. आगाऊ योजना परत आली, सवलतीचे कार्ड आले नाही. यावरून कोणती योजना कोणाला अधिक सोयीची, याचा थोडा अंदाज बांधता येतो. भावाला मी एवढेच सांगितले की मुले खरोखर किती खातात ते आधी वहीत लिही. त्याने योजना घेतली नाही.

दुसऱ्याला शहाणपण शिकवणारी मी स्वतः मात्र कूपन घेऊन बसले होते. ती गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरचे पाचजण अशाच एका मोठ्या पार्कात गेलो. नाव सांगत नाही, कारण चूक माझीही होती. आईने जन्मात असे काही पाहिले नव्हते, म्हणून तिला हट्टाने नेले. आई आणि मी हुबळीपर्यंत सरकारी बसने शून्य तिकिटावर गेलो. ११ जून २०२३ पासून आपल्या राज्यात 'शक्ती' योजनेत बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. आईला त्याचे भारी कौतुक. कंडक्टरने तिकीट हातात दिले की ती ते जपून कनवटीला लावते. फुकटचे म्हणून नव्हे. त्या कागदावर आपला प्रवास मोजला जातो, असे तिला वाटते.

आईला मधुमेह आहे. तिच्या जेवणाच्या वेळा ठरलेल्या आहेत. निघताना तिने डब्यात नाचणीच्या दोन भाकऱ्या, चटणी आणि भाजलेले शेंगदाणे घेतले होते. मी म्हटले, "अगं, मी सगळ्यांचे जेवण आधीच बुक केले आहे. डबा कशाला?" ती म्हणाली, "असू दे गो. डबा काय जेवण मागत नाही."

फाटकावर पिशव्या तपासल्या. डबा आत नेता येणार नाही, असे सांगितले. नियम पाटीवर लिहिलेला होता, मी वाचला नव्हता. आईचा डबा सामानाच्या कपाटात गेला. मुलीची उंची मोजली, तर ती मोठ्यांच्या तिकिटात बसली. काही पार्कांत लहान-मोठे वयावर ठरत नाही, उंचीवर ठरते, हेही मला तिथेच कळले. कूपन लहानांचे, तिकीट मोठ्यांचे, त्यावर पंधरा मिनिटे घोळ झाला.

आमचे बुफेचे जेवण साडेबाराला सुरू होणार होते. आईला बारापर्यंत पोटात काहीतरी जावे लागते. साडेबाराला पाहतो तर रांग मारुतीच्या शेपटीसारखी. त्या दिवशी तीन शाळांच्या सहली आलेल्या. एक वाजला. आईचा चेहरा उतरला, हात थरथरू लागले. हे घाबरले, मी तर पार गडबडले. दुकानातून बिस्किटे घ्यावीत तर तिथेही रांग. शेवटी आईच म्हणाली, "मला माझ्या डब्याकडे ने."

मी तिला सामानाच्या कपाटांकडे नेले. तिथे जेवायला परवानगी नव्हती, म्हणून फाटकाबाहेरच्या बाकावर बसवले. तिने आधी साखरेचे दोन खडे तोंडात टाकले. ते ती नेहमी जवळ ठेवते. मग भाकरी सोडली. फाटकावरचा पहारेकरी उत्तर कर्नाटकातलाच निघाला. ज्याने सकाळी डबा अडवला होता तोच पाण्याची बाटली घेऊन आला आणि म्हणाला, "निधानवागी ऊटा माडी, अज्जी." सावकाश जेवा, आजी. आईने त्यालाच अर्धी भाकरी पुढे केली. तो नको नको म्हणत होता, पण चटणीचा वास आल्यावर त्याने घेतली. नियम त्याचा नव्हता, नोकरी त्याची होती. त्याने आम्हाला पुन्हा आत सोडले, तेही आपल्या साहेबांना विचारून.

आत मुलाने काय केले होते? 'पैसे भरलेत ना' म्हणून बुफेत तीनदा वाढून घेतले. मग मोठ्या झुल्यावर बसला आणि उतरल्यावर सगळे बाहेर. संध्याकाळी नाश्त्याची वेळ झाली तेव्हा आम्ही कुणी खाण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. पाचापैकी फक्त दोघांनी नाश्ता घेतला. आईचे कूपन तर तसेच राहिले. खिडकीवर विचारले तेव्हा उत्तर आले की ते त्याच दिवसापुरते आहे आणि पैसे परत मिळत नाहीत. कार्डात एकशे तीस रुपये उरले होते. ते परत घ्यायलाही रांग होती आणि आमची गाडी सुटायची वेळ झाली होती.

परतीच्या प्रवासात मी मनात हिशेब करत होते. किती रुपये वाया गेले, किती परत मागता आले असते. शेजारी आई गाढ झोपली होती. मला एकदम लाज वाटली. दिवसभर मी कूपनाकडे बघत होते, आईच्या घड्याळाकडे बघितलेच नव्हते. जेवण आधी विकत घेता येते, भूक आधी विकत घेता येत नाही. कुणाला केव्हा काय लागेल, हे कूपनाला कळत नाही. ते आपण लक्षात ठेवायचे असते. कन्नडात म्हण आहे, 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.' ज्याला जेवता येते त्याला रोग नाही, ज्याला बोलता येते त्याला भांडण नाही. त्या दिवशी फाटकावर मला बोलता आले असते, तर अर्धे दुखणे टळले असते. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून "यांना मधुमेह आहे, डबा जवळ ठेवू द्या" एवढेच म्हणायचे होते. मी म्हटलेच नाही. अमुक नियम म्हणजे नियम, असे मानून मोकळी झाले.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे कूपन वाईट. थांबा. याच्या उलट बाजूही मी पाहिली आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजची सहल अशाच ठिकाणी गेली होती. तेव्हा आम्ही विचार केला की तिकीट तेवढे एकत्र काढू, जेवण ज्याचे त्याने घ्यावे, उगाच जास्त पैसे कशाला भरायचे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर. दुपारी मुले आपापल्या आवडीचे खात होती. एक मुलगी झाडाखाली बसून मैत्रिणींच्या पिशव्या सांभाळत होती. मी विचारले, "तू जेवली नाहीस?" ती हसून म्हणाली, "मॅडम, आज माझा गुरुवार आहे." मी बरे म्हणून पुढे गेले. संध्याकाळी बसमध्ये कुणीतरी वार विचारला, तेव्हा माझ्या लक्षात आले की तो दिवस शुक्रवार होता.

तिने घरून सहलीचे पैसे कसे आणले असतील, ते तिलाच ठाऊक. आत शंभर-दीडशे रुपये खर्चायचे तिच्या बजेटमध्ये नव्हते. आमच्या जंगलातल्या वाड्यांमधून येणाऱ्या मुलांचे असेच असते; सहलीला येणे हीच मोठी उडी असते. मी तिला काही बोलले नाही. बोलले असते तर तिचा उपवास मोडला नसता, मान मात्र मोडली असती.

दुसऱ्या वर्षी मी सहल समितीत होते. मी सांगितले, या वेळी जेवणाचे कूपन सगळ्यांचे घ्यायचे, वर्गणीतच. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, तुम्हीच तर वर्गात सांगता की असे घेऊ नये म्हणून." मी म्हटले, घरच्या पाच माणसांसाठी नको, पन्नास मुलांसाठी हवे. वर्गणी वाढली की काही मुले येणारच नाहीत, हा धोका होता. म्हणून जुलैपासून थोडे थोडे पैसे जमा करायला सुरुवात केली. पार्काला पत्र लिहून गटाचा दर मागितला. कमी पडले तिथे आम्ही शिक्षकांनी घातले. कुणासाठी किती, ते वर्गात कुणाला ठाऊक नाही आणि ठाऊक व्हायचे कारणही नाही. त्या दुपारी पन्नास ताटे एकसारखी होती. कुणाकडे पैसे आहेत आणि कुणाकडे नाहीत, हे ताटावरून ओळखता येत नव्हते. माणशी खर्च कदाचित थोडा जास्त झाला असेल. मला तो महाग वाटला नाही.

आपल्या तालुक्यातल्या उळवीच्या जत्रेत हेच पाहायला मिळते. चन्नबसवेश्वरांच्या जत्रेला धारवाड-बेळगाव भागातून बैलगाड्या येतात. तिथे दासोहाच्या पंगतीत बसणाऱ्याला कुणी कूपन विचारत नाही. पानावर बसला तो जेवला. पार्क म्हणजे दासोह नव्हे, तो धंदा आहे आणि त्याने धंदा करावा. पण आपण मुलांना घेऊन जातो तेव्हा पंगत सारखी ठेवणे आपल्या हातात असते.

आता थोडे हक्कांचे. बाहेरचे खाणे अडवण्याचा अधिकार मालकाला असतो का, असे पुष्कळ जण विचारतात. सिनेमागृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी सांगितले की मालक बाहेरचे खाद्यपदार्थ आणायला बंदी करू शकतो. मात्र पिण्याचे पाणी मोफत द्यायला हवे आणि तान्ह्या बाळाचे खाणे पालकांना आणू द्यायला हवे. हा निकाल सिनेमागृहांचा आहे, पण पार्कातही बंदी असणार असे धरूनच घरून निघावे. बाळाचे अन्न आणि आजारी माणसाचे पथ्य यांबद्दल मात्र आधी फोन करून विचारावे आणि शक्य तर उत्तर लेखी घ्यावे.

बाटलीबंद पाणी किंवा बिस्किटाचा पुडा यांवर छापलेली किंमत पाहा. एकाच मालावर दोन ठिकाणी दोन वेगळ्या कमाल किमती छापायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. टेबलावर बसवून सेवा देणाऱ्या हॉटेलाची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याची मुभा दिली आहे. बिलात 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावलेला असेल तर तो सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले.

पैसे भरलेल्या कार्डाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. जे कार्ड फक्त त्याच पार्कात चालते, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि बँकेचे त्यावर नियंत्रणही नसते. म्हणून उरलेले पैसे कधी, कुठल्या खिडकीवर आणि किती वाजेपर्यंत परत मिळतात, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारा. बिल मागा. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. काही अडले तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि तक्रार करायला बेंगळूरला जावे लागत नाही. याच कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला कारवारला. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही.

वहिनींना मी शेवटी काय सांगितले ते लिहिते. आधी घरात बसून प्रत्येकाचे नेहमीचे जेवण कागदावर लिहा. म्हातारी माणसे, लहान मुले, उपासवाले, पथ्यवाले वेगळे काढा. त्यांच्यासाठी कूपन घेऊ नका. घरात खाणारी चार तरुण मुले असतील तर त्यांच्यापुरते कूपन परवडू शकते. सगळ्यांचे एकत्रच घ्यावे लागते की वेगवेगळे घेता येते, ते विचारा. जेवणाची वेळ आणि जागा पाहा. कॉलेजच्या मुलांनी ओळखपत्र बरोबर ठेवावे. वंडरलासारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांना त्यावर तिकिटातच सवलत मिळते आणि त्यासाठी कुठले कार्ड विकत घ्यावे लागत नाही. सवलतीच्या कार्डाचे सूत्र वर दिले आहेच. आणि सकाळी फाटकाबाहेर पोटभर नाश्ता करून आत शिरा. यासारखी मोठी सवलत दुसरी नाही.

कन्नडात 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' म्हणतात, मराठीत 'अंथरूण पाहून पाय पसरावे'. दोन्ही भाषांतल्या आज्यांनी आपल्याला एकच गोष्ट सांगितली आहे. मी त्यात एवढेच घालीन की अंथरुणाबरोबर बाजूला कोण झोपले आहे तेही पाहावे.

वहिनींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे सासूबाईंचे कूपन नको. मग त्यांनी खायचे काय?"

आई चुलीपाशी होती. तिने तिथूनच विचारले, "फाटकाबाहेर बाकडे आहे ना? मग भाकरी मी करून देते."